चार इंचांची खाच
(ज्ञातिसंस्थेच्या वार्षिक स्नेहसंमेलनात केलेले भाषण)



आपल्या कार्यकारी मंडळाने मला या संमेलनात चार शब्द बोलण्याची आज्ञा केली, याबद्दल मी मंडळाचा ऋणी आहे. चिटणीसांनी आपल्या पत्रात जो विषय सुचविला होता तो ‘सुतारकामाचे भवितव्य’ असा होता. विषय थोर आहे. परंतु भवितव्याविषयी बोलण्याचा अधिकार, सारा जन्म लाकडाच्या भुशात घालविलेल्या मजसारख्या माणसास कितपत आहे याची मला शंका वाटली. म्हणून मी चिटणीसांस उलट कळविले की, मला जिची खात्रीने माहिती आहे ती गोष्ट अवघी चार इंच लांबीची आहे. तेवढ्यावर बोलू द्याल तर येतो. त्यांनी मोठ्या मनाने संमती दिली. तेव्हा दाराच्या चौकटीत बिजागरी बसविण्यासाठी जी खाच पाडावी लागते, तिच्याविषयीच मी आज आपणांपुढे बोलणार आहे.

आपण हसलात. हसावयास माझी हरकत नाही. परंतु याच इमारतीत, जिना चढून आले की डाव्या हातास आपल्या संस्थेचे कार्यालय आहे. मागील वर्षी इमारतीची डागडुजी झाली, नवी फरशी बसली, रंग लागला, आणि कार्यालयास नवे दार आले. ते दार लावावयाचे म्हणजे काय करावे लागते, हे येथे बसलेल्या निम्म्या मंडळींस ठाऊक आहे. मुठीला धरून दार अंमळ वर उचलावे लागते, गुडघ्याने रेटावे लागते, आणि इतके करून हात सोडला की ते पुन्हा दोन बोटे उघडते. कडी घातल्यावाचून ते मिटून राहत नाही. गेल्या महिन्यात मी तेथे बसलो असता कुरिअरचे पाकीट घेऊन एक तरुण आला. त्याने दारावरील पाटी वाचली, आपल्या ज्ञातीचे नाव वाचले, मग दाराकडे पाहिले, आणि तो काहीही न बोलता सही घेऊन गेला. त्याचे ते न बोलणे मला लागले. सुतारांच्या संस्थेचे दार मिटत नाही, ही गोष्ट त्याने आपल्या घरी सांगितली असेल की नाही कोण जाणे. मी त्याच्या जागी असतो तर सांगितली असती.

दुसऱ्या दिवशी चिटणीसांची परवानगी घेऊन मी वरची बिजागरी खोलून पाहिली. एकंदर आठ स्क्रूंपैकी पाच नुसत्या बोटांनी फिरवून बाहेर आले. ते पेचाने फिरवून बसविलेलेच नव्हते. हातोडीने ठोकून घातले होते. स्क्रू ठोकला की त्याचे आटे लाकडाचे तंतू कापीत आत जात नाहीत, ते तंतू फाडीत जातात, आणि मग त्यास धरून ठेवावयास तेथे काही उरत नाही. बिजागरीच्या पानाखाली लग्नपत्रिकेचे दुमडलेले चार तुकडे निघाले. कोणाच्या तरी मंगलकार्याची अक्षरे त्यांवर अजून वाचता येत होती. खाच पानाच्या जाडीपेक्षा जवळजवळ दीड सूत अधिक खोल गेली होती, आणि ती भरून काढण्यासाठी ही योजना होती. शेजारीच जुन्या बिजागरीची खाच होती. ती पुट्टीने लिंपलेली होती, आणि नव्या बिजागरीचे एका कडेचे स्क्रू त्या पुट्टीतच उतरले होते.

आता या तीन गोष्टींनी काय बिघडते, हे नीट समजून घेऊ. आपल्यांपैकी पुष्कळ घरांत आज हत्यार नाही. कोणी बँकेत आहेत, कोणी शाळेत, कोणी परदेशी. परंतु घर प्रत्येकास आहे, आणि घराची दुरुस्ती कधी ना कधी निघतेच. तेव्हा हे जाणणे धंदा करणाऱ्यास जितके उपयोगी, तितकेच काम करवून घेणाऱ्यासही.

एक दार घ्या. उंची २ मीटर, रुंदी ९० सेंटिमीटर, जाडी ३५ मिलिमीटर, लाकूड सागाचे व दार सबंध भरीव. त्याचे वजन सुमारे ४० किलो भरते. हे ४० किलो एका बाजूस टांगलेले असतात. दाराचा भार त्याच्या रुंदीच्या मध्यावर, म्हणजे बिजागरीपासून ४५ सेंटिमीटर दूर आहे. त्यामुळे दार खाली तर येऊ पाहतेच, शिवाय पुढे झुकूही पाहते. वरच्या व खालच्या बिजागरीत साधारण दीड मीटर अंतर धरले, तर वरच्या बिजागरीला चौकटीपासून बाहेर ओढणारी ओढ सुमारे १२ किलो येते, आणि खालच्या बिजागरीवर तितकाच दाब. दार मिटलेले असता ही ओढ स्क्रूच्या सरळ दिशेने असते. म्हणजे रात्री आपण निजलेले असता दार ते स्क्रू उपसून काढण्याचे काम करीतच असते. जुनी माणसे वरच्या बिजागरीला अधिक जपत, ते यासाठी.

हे झाले ओढीचे. परंतु ४० किलोंचा उभा भार कशावर येतो? पुष्कळांस वाटते, स्क्रूंवर. खाच बेताची व घट्ट असेल तर तसे होत नाही. चौकटीतील खाचेच्या खालच्या कडेवर बिजागरीचे पान टेकते, आणि दाराच्या खाचेची वरची कड दाराकडील पानाच्या डोक्यावर बसते. दार लाकडावर बसलेले असते आणि लोखंड मध्ये असते. स्क्रूंनी पान जागच्या जागी दाबून धरावयाचे, एवढेच त्यांचे काम उरते. बिजागरी लाकडात लपावी व दार शोभिवंत दिसावे एवढ्यासाठी खाच पाडतात असा जो समज आहे, तो माझ्या मते अर्धवट आहे. खाचेची कड हे दाराचे आसन होय. ती कड ढिली ठेवली, सैल खाचेत पान खुळखुळू दिले आणि पुट्टीने फट बुजविली, की सर्व भार स्क्रूंच्या मानेवर येतो. मग वर्षा-दोन वर्षांत दार खाली उतरते व फरशी घासू लागते. आपण म्हणतो दार फुगले. पुष्कळदा ते फुगलेले नसते, ते उतरलेले असते.

खोलीचे गणित याहून नाजूक आहे. चौकटीवरील पान व दारावरील पान अशी दोन्ही पाने लाकडाच्या पृष्ठभागाशी समपातळीत बसली, म्हणजे दार मिटताना दोन्हींमध्ये बिजागरीच्या घडणीने जेवढी जागा ठेवली आहे तेवढीच फट राहते. खाच उथळ झाली तर बिजागरीच्या बाजूस फट रुंदावते आणि कुलपाच्या बाजूस दार चौकटीवर आपटते. हा दोष दिसतो, म्हणून तो सुधारला जातो. खाच खोल झाली तर मात्र बिजागरी पुरती मिटण्याआधीच दाराची कड चौकटीस भिडते. आपण दार रेटतो, बिजागरी कळ खाते, आणि हात सोडला की दार स्प्रिंगसारखे उसळून परत येते. आपल्या कार्यालयाचे दार दोन बोटे उघडते ते याच कारणाने. दर वेळी रेटताना आपण आपल्याच हातांनी स्क्रू उपसत असतो. पुठ्ठा घालून खोली भरून काढणे हा काही गुन्हा नव्हे; चांगले कारागीरही एखादा कागद घालतात. परंतु पुठ्ठा दबतो, पावसाळ्यात ओल धरतो, आणि खाचेच्या तळाशी पान टेकावयाचे ते अधांतरी राहते.

मग खाच पाडावी कशी? मी येथे शिकवणी घेणार नाही, परंतु क्रम सांगतो, कारण क्रमातच सारे आहे. चौकट ओळंब्यात आहे की नाही हे आधी पाहावे. मग दार चौकटीत उभे करून खाली पाचर मारावी, दोन्ही अंगांस व वर एकेक सूत, म्हणजे सुमारे ३ मिलिमीटर, मोकळीक ठेवावी, आणि दार व चौकट या दोहोंवर एकाच वेळी बिजागऱ्यांच्या जागांची खूण करावी. टेप लावून दोन्हीकडे निरनिराळे मोजू नये. दोन वेळा मोजले की दोन उत्तरे येतात. बिजागरी स्वतःच खुणेच्या जागी ठेवून तिच्या कडेने धारदार चाकूने रेघ मारावी. शिसपेन्सिलीच्या रेघेस जाडी असते. चाकूच्या रेघेस नसते, आणि पटाशीची धार तीत आपोआप बसते. पानाची जाडी मार्किंग गेजवर घेऊन खोलीची रेघ कडेवर ओढावी. मग पटाशी उभी धरून, तिचा उतार खाचेच्या आतील बाजूस ठेवून, प्रथम दोन्ही टोकांच्या आडव्या रेघा कापाव्या. या रेघा रेषांच्या आडव्या जातात. त्या आधी कापल्या नाहीत तर पुढचा प्रत्येक घाव लाकूड चिरीत खाचेबाहेर जातो. मागील उभी रेघ मात्र जपून, हलक्या हाताने दाबावी. तेथे घाव घातला तर मागची पट्टी ढलपीसारखी सुटून येते. मग अर्ध्या-अर्ध्या सुतावर आडवे बारीक घाव घालीत जावे, आणि शेवटी पटाशी आडवी निजवून, हातोडी खाली ठेवून, केवळ हाताच्या दाबाने कडेकडून आत तासावे. शेवटचा सुताचा आठवा भाग हा हातोडीचा नव्हे, मनगटाचा आहे. पान खाचेत ठेवून बोट फिरवावे. लोखंडावरून लाकडावर जाताना बोटास पायरी लागू नये. मग गिरमिटाने वा ड्रिलने भोके पाडावी, आणि स्क्रू पेचाने फिरवावे.

या कामास एका दारास किती वेळ लागतो? तीन बिजागऱ्या म्हणजे सहा खाचा. मला उमेदीच्या काळात दोन तास लागत. आता मुले विजेचा राउटर व साचा घेऊन हेच काम थोड्या मिनिटांत करतात, आणि साचा नीट लावला असेल तर त्यांची खाच माझ्या खाचेहून सरस होते, हे मी मोकळ्या मनाने सांगतो. यंत्राचा मला राग नाही. फक्त राउटरने खाचेचे कोपरे गोल येतात व बाजारातील बहुतेक बिजागऱ्यांचे कोपरे चौकोनी असतात. तो कोपरा काटकोनात आणावयास शेवटी पटाशी लागतेच. आणि ती नसली की कोपऱ्यात अडकलेले पान हातोडीने ठोकून बसवितात.

आता माझ्या स्वतःच्या एका चुकीची गोष्ट सांगितली पाहिजे, नाही तर आपणांस वाटेल की म्हातारा जन्मतःच शहाणा होता.

मी सतरा वर्षांचा होतो. राजापूर तालुक्यातील एका गावी एका खोताच्या घराची दुरुस्ती निघाली होती. जांभ्याच्या भिंती, फणसाच्या चौकटी, आणि जुनी दारे बिजागरीवाचून फिरणारी. आपल्यांतील तरुणांनी ती पद्धत पाहिली नसेल. दाराच्या फळीला वर व खाली गोल टोक ठेवलेले असे. खालचे टोक उंबऱ्याच्या खळग्यात व वरचे टोक चौकटीच्या वरच्या पट्टीच्या भोकात फिरे. घरातील मालकिणीस दर पहाटे दार उघडताना तो करकर आवाज नकोसा झाला होता, म्हणून यजमानांनी चौकटी त्याच ठेवून नव्या फळ्या व पितळी बिजागऱ्या बसविण्याचे ठरविले. माझे वडील, ज्यांस आम्ही आप्पा म्हणत असू, दोन दिवसांसाठी दुसऱ्या गावी गेले, आणि जाताना मला म्हणाले, “माजघराच्या दाराच्या खाचा आखून ठेव. पाडू नकोस.”

मी आखल्या. आखून झाल्यावर हात शिवशिवू लागले. पटाशीला धार होती, आप्पा नव्हते, आणि यजमानांची धाकटी मुले कौतुकाने पाहत उभी होती. मी तिन्ही खाचा पाडल्या, आणि त्या मनासारख्या झाल्या. दार बसवावयास घेतले तेव्हा ध्यानात आले की, दार माजघरात उघडावयाचे होते व मी खाचा पाडल्या होत्या त्या ओटीकडील अंगास. ती लाज लपविण्यासाठी मी घाईघाईने दुसऱ्या अंगास खाचा पाडल्या, आणि घाईत त्या दोन सूत खोल गेल्या. सहा खाचा, सहाही वाया.

आप्पा परतले. त्यांनी चौकटीवरून हात फिरविला. मला वाटले आता थोबाडीत बसणार. त्यांनी यजमानांस हाक मारली आणि माझ्यासमोर सांगितले, “भाऊसाहेब, या चौकटीत आमच्या पोराची चूक राहणार आहे. पैसे आम्ही या दाराचे घेणार नाही.” मग तीन दिवस मला एकच काम. जुन्या फणसाच्या तुकड्यातून, त्याच रंगाचे, उभ्या रेषांचे ठिगळ काढावयाचे, ते खाचेत इतके घट्ट बसवावयाचे की सरस लावण्याआधीच ते उलटे धरले तरी पडू नये, सरस सुकला की रंध्याने समपातळीत आणावयाचे. तीन ठिगळे ओटीकडे, तीन माजघराकडे. आणि मग त्या माजघराकडील ठिगळांत पुन्हा नव्या खाचा. त्या शेवटच्या खाचा पाडताना आप्पा शेजारी डोळे मिटून बसले होते. मधेच म्हणत, “थांब. आली.” पटाशीच्या नादावरून त्यांस खोली कळत होती. रिकाम्या खाचेचा नाद निराळा, तळ लागल्याचा निराळा. हे मला पुढे दहा वर्षांनी कळू लागले.

दोन वर्षांमागे त्या घराची पुन्हा दुरुस्ती निघाली तेव्हा यजमानांच्या नातवाने मला मुद्दाम नेले. चौकट तीच आहे. ठिगळे दिसतात, शोधणाऱ्यास दिसतात. दार मी एका बोटाने लोटले, ते मिटले व मिटून राहिले.

ही गोष्ट सांगण्याचे आणखी एक कारण आहे. आज घराच्या दुरुस्तीत सर्वांत आधी काय बाहेर काढून टाकतात, तर चौकट. जुनी खाच नव्या बिजागरीशी जुळत नाही, म्हणून अस्सल सागाची चौकट उपटून भंगारात देतात व तेथे नवी बसवितात. मी म्हणतो, वाळवी लागलेली नसेल, लाकूड गळलेले नसेल, तर चौकट काढू नये. जुन्या खाचेत त्याच जातीच्या लाकडाचे ठिगळ भरावे आणि तीत नवी खाच पाडावी. पुट्टी ही रंगाखालची वस्तू आहे. ती स्क्रूला धरून ठेवीत नाही. सत्तर वर्षे भिंतीत राहिलेल्या सागाला जेवढे वळावयाचे तेवढे ते कधीच वळून झालेले असते. नव्या चौकटीचे वळणे अजून व्हावयाचे असते. जुनी चौकट काटकोनात नसेल, आणि बहुधा नसतेच, कारण भिंत बसते व उंबरा झिजतो, तर दार चौकटीप्रमाणे घडवावे. परंतु तिन्ही बिजागऱ्यांच्या नळ्या मात्र एका ओळंब्यात आल्या पाहिजेत. चौकट ओणवी असली तर हा फरक खाचांच्या खोलीत थोडा थोडा वाटून द्यावा लागतो. आणि ते कसब राउटरच्या साच्यात नाही. नळ्या ओळंब्यात नसल्या की दार अर्धवट उघडून सोडले असता आपोआप उघडते वा मिटते, आणि घरात बाया म्हणतात की, या खोलीत वारा फार.

फरशीविषयी दोन शब्द. हल्ली जुनी फरशी न काढता तीवरच नव्या टाइल्स बसवितात. त्याने जमीन इंचभर वर येते, आणि दार खालून कापावे लागते. पट्टीबंद दाराच्या खालच्या आडव्या पट्टीतून इंचभर कापले तर एक वेळ चालते. फ्लश दारात मात्र कडेची भरीव पट्टीच निघून जाते, आणि मोरीजवळचे दार असेल तर उघड्या पडलेल्या पोटात पाणी शिरते. कापलेल्या जागी पट्टी पुन्हा बसवून घ्यावी आणि खालची कड रंगवून घ्यावी. ही कड कोणास दिसत नाही, म्हणून ती कोणी रंगवीत नाही.

आणखी एक. श्रावणात दार घट्ट झाले म्हणून लगेच रंधा मारावयास सांगू नका. लाकूड रेषांच्या आडवे फुगते, लांबीत जवळजवळ नाही. पावसाळ्यात फळी रुंद होते व कार्तिकात पुन्हा आटते. श्रावणात तासलेले दार माघात खुळखुळते. आधी बिजागरी पाहावी, स्क्रू पाहावे, मग दिवाळीपर्यंत वाट पाहावी, मग रंधा.

असो. आता ज्या गोष्टीसाठी मी येथे उभा राहिलो तिच्याकडे येतो. कार्यालयाचे ते दार कोणी बसविले, याचा मी शोध केला. कंत्राटदार कोण होता हे सांगण्यात अर्थ नाही. परंतु प्रत्यक्ष हाताने ज्याने बसविले तो तेवीस वर्षांचा मुलगा आपल्याच ज्ञातीचा निघाला. त्याच्या आजोबांनी केलेले देवघर मी पाहिले आहे. त्या देवघराच्या इवल्या दारांना इवल्या बिजागऱ्या आहेत आणि त्यांच्या खाचांत केससुद्धा जात नाही. मी मुलाला घरी बोलाविले. रागावण्याचा विचार होता. तो आला, बसला, मी ते लग्नपत्रिकेचे तुकडे त्याच्यापुढे ठेवले. तो पुष्कळ वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, “काका, मला दारामागे पैसे मिळतात. दिवसाला सहा दारे केली तर घरी जाण्याइतके पडतात. आणि खरे सांगू का, मला कोणी शिकविले नाही. बाबा लवकर गेले. मी मोबाइलवर पाहून शिकलो.”

मोबाइलवरील चित्रफितींची निंदा करण्याचा माझा हेतू नाही. मीही त्या पाहिल्या, आणि जपानी सुतारांच्या काही पाहून मला हात जोडावेसे वाटले. परंतु चित्रफितीत मनगटाचा दाब दिसत नाही, आणि “थांब, आली” असे म्हणणारा शेजारी बसलेला नसतो. १९५० साली भारत सरकारने कारागीर प्रशिक्षणाची योजना सुरू केली. तिच्यातून निघालेल्या औद्योगिक प्रशिक्षण संस्थांत सुतारकामाचा वर्ग आजही आहे. १७ सप्टेंबर २०२३ रोजी सुरू झालेल्या पंतप्रधान विश्वकर्मा योजनेत सुतारास हत्यारांसाठी १५ हजार रुपयांचे साहाय्य आहे. ही साधने उपयोगी आहेत, आपल्या मुलांनी ती जरूर घ्यावीत. परंतु हत्यार मिळाले म्हणजे हात मिळत नाही.

मंडळाचा अहवाल आपणांस मिळाला आहे. अभियांत्रिकी व वैद्यकीच्या विद्यार्थ्यांस शिष्यवृत्त्या आहेत. तो योग्यच खर्च आहे, आणि त्यांतील दोन विद्यार्थिनींचे सत्कार आज आपण टाळ्या वाजवून केले. पटाशी शिकणाऱ्या मुलासाठी त्या अहवालात एक ओळ नाही. मी हा दोष मंडळास देत नाही, कारण त्या मंडळावर मीही नऊ वर्षे होतो, आणि मलाही ते सुचले नाही. सुचले नाही असे म्हणणेही खरे नव्हे. माझा मुलगा पुण्यात संगणकाच्या कंपनीत आहे. तो दहा वर्षांचा असताना एकदा माझी पटाशी घेऊन पाटास खाच पाडीत बसला होता. मी ती त्याच्या हातातून काढून घेतली आणि म्हणालो, “हे तुझे काम नाही. अभ्यास कर.” त्याने अभ्यास केला. तो सुखात आहे, आणि मला त्याचा अभिमान आहे. परंतु ती पटाशी मी ज्या पेटीत ठेवली, तीत ती आजही तेल लावून गुंडाळून पडून आहे. आणि ज्याला ती देता आली असती अशा आणखी मुलांना मी गेल्या तीस वर्षांत शोधलेही नाही. या तेवीस वर्षांच्या मुलाने खाच खोल पाडली. पण त्याच्या शेजारी जो बसावयास हवा होता तो मी होतो, आणि मी घरी वर्तमानपत्र वाचीत होतो.

पूर्वी चौकट बसविण्याचा मुहूर्त असे. घरधनी चौकटीची पूजा करी, सुतारास नारळ व वस्त्र देई, आणि त्या दिवशी सुतार घरातील वडीलधाऱ्यांबरोबर पंक्तीस बसे. तो मान मला आता परत नको आहे, काळ गेला. परंतु घर दुरुस्तीस काढाल तेव्हा एवढे करावे की, दाराचे काम दारामागे न देता खाचांसकट ठरवून द्यावे, पैसे थोडे अधिक पडले तर द्यावे, आणि काम झाल्यावर रंग लागण्याआधी एक स्क्रू बोटाने फिरवून पाहावा. फिरला तर काम पुन्हा करावयास सांगावे. त्यात कारागिराचा अपमान नाही. आप्पांनी तर तीन दिवस माझ्याकडून करून घेतले होते.

येत्या रविवारी सकाळी ९ वाजता मी व तो मुलगा कार्यालयाचे दार उतरविणार आहोत. चिटणीसांची संमती घेतली आहे, सागाचे तुकडे आणून ठेवले आहेत, बिजागऱ्या नव्या आहेत. खाचा तो पाडील. मी शेजारी बसेन. ज्या कोणास पाहावयाचे असेल त्याने यावे, मुलींनीही यावे. घरात जुनी पटाशी पडून असेल तर ती बरोबर आणावी. गंजली असली तरी चालेल, धार लावण्याचा दगड मी आणणार आहे. चहा कार्यालयात होईल. दार निघालेलेच असेल, तेव्हा आत येताना ते उचलावे लागणार नाही.